जमवलेलं आता कुठं आहे? सीमाभागातल्या संग्रहांचे अनुभव

परवा घराची कौलं उतरवली, तेव्हा माळ्यावर आज्जांची तार सापडली. जुन्या घरांत पत्रं ओवून ठेवायची आकड्याची तार असायची, ती. सगळ्यात खालच्या पाकिटावर पत्ता होता, "जि. बेळगाव, मुंबई राज्य". त्याच्या वर १९५६ नंतरची पाकिटं, त्यांवर "म्हैसूर राज्य". पुढं १९७२ च्या ऑगस्टनंतर पिनकोड दिसायला लागतो. आणि १९७३ च्या नोव्हेंबरनंतर "कर्नाटक". गल्ली तीच, घर तेच, आज्जा तर बिऱ्हाड हलवून कुठं गेलेही नाहीत.

आज्जांनी हे मुद्दाम जमवलेलं नव्हतं. फक्त टाकून दिलं नव्हतं. माझ्या मुलाच्या फोनमध्ये अकरा हजार फोटो आहेत. पन्नास वर्षांनी त्यातलं काय कुणाच्या हाताला लागेल, याची मला काळजी वाटते. म्हणून विचारते आहे. तुम्ही किंवा घरातलं कुणी काय जमवत होतं? ते कधी थांबलं, का थांबलं, आणि आता ते कुठं आहे? मोठाच संग्रह हवा असं नाही, चार काड्यापेट्या असल्या तरी लिहा.

शहापूर (बेळगाव), निवृत्त शिक्षक

माझी पोस्टाची तिकिटं. सहावीत सुरुवात केली. पाकिटाचा कोपरा कापायचा, कोमट पाण्याच्या ताटलीत सोडायचा आणि वाट बघायची. ओढायचं नाही, ओढलं की तिकीट पातळ होतं. आपोआप सुटून तरंगलं की टिपकागदावर पालथं वाळवायचं. कडेचा एक दात तुटला तरी अदलाबदलीत किंमत अर्धी. आमच्या वर्गात एकाकडे "जय हिंद"चं साडेतीन आण्यांचं तिकीट होतं, २१ नोव्हेंबर १९४७ चं. त्यासाठी मी दोन वर्षं त्याच्या मागं होतो. त्यानं दिलं नाही, आणि बरोबरच केलं.

माझा जोर गोव्याच्या तिकिटांवर. आत्या म्हापशाला दिलेली. तिच्या सासरच्या जुन्या कागदांत पोर्तुगीज अमलाची तिकिटं निघाली. १९५८ पर्यंतची रुपये आणि टांगा या तिथल्या जुन्या चलनातली, त्यानंतरची एस्कुदो या पोर्तुगीज चलनातली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि ती मालिकाच संपली. एका पानावर एक अख्खी राजवट संपलेली दिसायची, आणि ते पान मी वर्गात नेऊन दाखवायचो. इतिहासाच्या पुस्तकानं जे समजलं नाही, ते पोरांना त्या पानानं समजायचं.

थांबलं कधी? पत्रं थांबली तेव्हा. अल्बमला खाऊ लागतो, तो टपालातून यायचा. आता पोस्टाच्या खिडकीत स्पीड पोस्ट केलं की बारकोडची चिकटपट्टी लावून देतात. नवी तिकिटं अजूनही सुंदर निघतात, पण ती पाकिटावर बसून प्रवास करून येत नाहीत. मुलगा बंगळूरहून म्हणाला, "आप्पा, सगळं स्कॅन करून ठेवूया." केलं. स्कॅनमध्ये कागदातला जलचिन्हाचा ठसा दिसत नाही. तो बघायला तिकीट उजेडासमोर धरावं लागतं.

निपाणी

आमच्याकडं छंद वगैरे शब्द नव्हता. आई घरी बिड्या वळायची. पान भिजवायचं, कातरायचं, तंबाखू भरायचा, दोऱ्यानं बांधायचं, हजार झाल्या की कारखान्यात द्यायच्या. तिथं त्यातली छाट, म्हणजे नापास बिड्या, निघायची आणि तिचे पैसे कापले जायचे. त्या दिवशी आई बोलायची नाही. बंडलावर चिकटवायच्या लेबलांतली वाकडी छापलेली लेबलं मला मिळायची. वाघ, मोर, देवीदेवता, पहिलवान, मोटार. लाल आणि पिवळा रंग इतका गडद की बोटाला लागायचा. वहीत दोनशेच्या वर होती.

२००९ पासून तंबाखूच्या मालावर धोक्याचं चित्र सक्तीचं झालं, २०१६ पासून ते ८५ टक्के जागेवर आलं. ते योग्यच झालं, मी आईचा खोकला ऐकत मोठी झाले. पण म्हणूनच माझी वही जपून ठेवायला पाहिजे असं वाटतं. लेबलावरचा मोर लोकांनी बघितलाय, त्यामागचा हात कुणी बघितला नाही. प्रत्येक लेबलाखाली आता मी आईला विचारून लिहिते, कुठल्या कारखान्याचं, तेव्हा हजाराला मजुरी किती. तिला सगळं पाठ आहे.

चिकोडी

मामांची नाणी. गेल्या पिढीत प्रत्येक घरात असायची तशी. भोकाचा पैसा, कमळाचे वीस पैसे, हाताला काहीच वजन न लागणारे ॲल्युमिनियमचे दोन-तीन पैसे. २०११ च्या जूनअखेर पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली, तेव्हा त्यांनी डबा भरून घेतला.

मग फोनवर व्हिडिओ यायला लागले, ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट लाखाला. मामांनी नोटेचा फोटो पाठवला. समोरच्यानं आधी नोंदणीचे, मग कराचे म्हणून पैसे भरून घेतले आणि नंबर बंद. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्येच सांगितलं होतं की असल्या व्यवहाराशी आमचा संबंध नाही. मामांना ते कळलं नंतर. पैशापेक्षा वाईट हे झालं की त्यांनी डबा उघडणंच सोडलं.

बेळगुंदी

आमच्या गावात घरटी एक तरी फौजी. भाऊची पत्रं आईनं साखरेच्या डब्यात ठेवली आहेत. पाठवणाऱ्याच्या जागी नाव, नंबर आणि "द्वारा ५६ ए.पी.ओ." (लष्कराचं टपाल कार्यालय) एवढंच. तो कुठं आहे ते त्यावरून कळायचं नाही, ते कळू नये म्हणूनच तसं असतं. आईला वाचता येत नाही. पोस्टमनमामा ओट्यावर बसून वाचून दाखवायचे, आणि एखादी ओळ गाळली की तिला बरोबर समजायचं.

मोबाईल आला आणि शेवटचं पत्र झालं. आता तो रोज दिसतो, ही फार मोठी गोष्ट आहे. तरी डबा ती कुणाला देत नाही.

बेळगाव, वय २४

मला वेगळं सांगायचंय. फोनमुळे छंद मेला असं मला वाटत नाही, माझा तर फोनमुळेच सुरू झाला. भांड्यांच्या मोडीत वजनावर घेतलेल्या तांब्याच्या तुकड्यांत मला एक शिवराई, शिवाजी महाराजांच्या नावाचं जुनं नाणं, सापडली. एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्रपति", अक्षरं अर्धी झिजलेली. इथं शेजारी सांगणारं कुणी नव्हतं. फोटो टाकला, तर साताऱ्याच्या एका काकांनी अक्षरांचं वळण आणि ठिपके बघून कुठल्या धाटणीची ते समजावलं. चिंच लावून घासू नकोस, हेही त्यांनीच सांगितलं. घासलं असतं तर होतं तेही गेलं असतं.

पण शहापूरच्या सरांचं वाचून एक जाणवलं. माझ्याकडे आता चाळीस नाणी आहेत आणि ती आजवर मी कुणाच्याही तळहातावर ठेवलेली नाहीत. सर, चालणार असेल तर येऊ का?

खानापूर, रोज बेळगावला ये-जा

मी बसची तिकिटं जमवते. बेळगावच्या स्टँडवर तीन राज्यांच्या गाड्या लागतात, वायव्य कर्नाटकची, महाराष्ट्राची एसटी आणि गोव्याची कदंब. बाबांपासूनचा साठा आहे. त्यात एसटीच्या पत्र्याच्या पेटीतली, चिमट्यानं टक-टक करून भोकं पाडलेली तिकिटं आहेत. कन्नड अंक मी शाळेच्या आधी तिकिटांवर शिकले.

११ जून २०२३ ला कर्नाटक सरकारची शक्ती योजना आली, राज्याच्या बसमध्ये बायकांना प्रवास मोफत झाला आणि शून्य रुपयाचं तिकीट मिळायला लागलं. पहिल्या दिवशीचं मी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ठेवलं. वर्षानं काढलं तर कोरा कागद. मशीनमधून शाई येतच नाही, उष्णतेनं कागद काळा होतो. उजेडानं तो उडतो, आणि काही प्लॅस्टिकमुळे आणखी लवकर उडतो हे नंतर समजलं. बाबांची चाळीस वर्षांपूर्वीची तिकिटं स्वच्छ वाचता येतात, माझी तीन वर्षांची पुसली गेली. मी खरंच रडले.

आता बसमध्येच मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवते. कंडक्टरआण्णांनाही माहीत झालंय, तिकीट न चुरगाळता देतात. कालच्यावर लिहिलंय, खानापूर ते बेळगाव, शून्य रुपये, उभ्यानं, पाऊस.