लिव्हरच्या गाठीचं ॲब्लेशन: नेव्हिगेशनसाठी जास्त पैसे द्यावेत का?

मेघा_नाशिक
बाबा ६४ वर्षांचे, सिरॉसिस आहे, आता लिव्हरमध्ये २.४ सेमीची गाठ निघालीये, सेगमेंट ८ मध्ये, म्हणजे पार वर डायफ्रामच्या (छाती-पोटामधल्या पडद्याच्या) खाली. ऑपरेशन झेपणार नाही म्हणून मायक्रोवेव्ह ॲब्लेशन, म्हणजे सुई घालून गाठ उष्णतेने जाळणं, सांगितलंय. एक डॉक्टर म्हणतात सोनोग्राफीवर बघून करू, दुसरे म्हणतात सीटीवर रोबोटिक नेव्हिगेशनने, आणि त्याचा खर्च बराच जास्त आहे. रोबोट म्हटल्यावर बाबा घाबरलेत. काय करावं?

सीटीवाला_सचिन
ताई, बाबांना आधी हे सांगा की रोबोट सुई घुसवत नाही. चेन्नईच्या परफिंटचं मॅक्सिओ मशीन घ्या नाहीतर फ्रान्सचं एपिओन, काम साधारण तेच, स्कॅन काढायचा, स्क्रीनवर सुई कुठून आत जाणार आणि कुठे पोचणार ते ठरवायचं, मग मशीनचा हात त्या कोनात येऊन थांबतो आणि सुई डॉक्टरच स्वतःच्या हाताने घालतात. सरळ आडव्या रेषेत जायचं असेल तर अनुभवी डॉक्टर मशीनशिवायही नीट करतात. पण डायफ्रामखालच्या गाठीला फुफ्फुस चुकवून खालून तिरकं जावं लागतं, तो कोन नुसत्या अंदाजाने धरला की सुई पुन्हा पुन्हा सरकवायची आणि दर वेळी स्कॅन. अशा केसला फरक पडतो, मी रोज बघतो.

डॉ_आयआर
सचिन बरोबर बोलतोय. पण खरा घोळ श्वासाचा असतो, श्वासाबरोबर लिव्हर सहज १-२ सेमी वरखाली होतं आणि मशीनला माहीत असतो तो फक्त स्कॅन काढला तेव्हाचा फोटो. म्हणून भूल देऊन, स्कॅनला आणि सुई घालताना श्वास एकाच जागी थांबवतात. हे कसं करणार ते विचाराच.
आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे. गाठीभोवती सगळीकडून किमान ५ मिमी, जमल्यास १० मिमी चांगला भागही जळायला हवा, नाहीतर कडेला उरलेल्या पेशी परत वाढतात. सुई बरोबर बसली म्हणजे तेवढं जळलंच असं नाही, शेजारी मोठी रक्तवाहिनी असेल तर ती उष्णता ओढून नेते. तेव्हा जाळून झाल्यावर लगेच कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध देऊन काढलेला) आधीच्या स्कॅनवर ठेवून मार्जिन, म्हणजे गाठीभोवती किती जळलं ते, बघणार का? ऑस्ट्रियात इन्सब्रुकला नेव्हिगेशनने एकाच गाठीत अनेक सुया घालून ३ सेमीच्या वरच्या गाठीही जाळतात, तिथेही हा शेवटचा स्कॅन असतोच.
गाठ सोनोग्राफीत स्वच्छ दिसते का? दिसत असेल तर सोनोग्राफी अजिबात कमी नाही, सुई जाताना लाइव्ह दिसते.

मेघा_नाशिक
रिपोर्टमध्ये लिहिलंय की फुफ्फुसाच्या हवेमुळे नीट दिसत नाही.

प्राजक्ता_के
माझ्या आईचीही दिसत नव्हती, तिथे एमआरआय लाइव्ह सोनोग्राफीवर जुळवून केलं, फ्यूजन म्हणतात, रोबोट नव्हता. हाही पर्याय विचारून बघा, खर्चात फरक पडेल कदाचित.

डॉ_आयआर
हो, फ्यूजन चालतं, पण हवेमागे सुईचं टोकच दिसणार नसेल तर मी सीटीकडे जाईन. मेघाताई, दोन्हीकडे विचारा की डायफ्रामखालच्या अशा किती केस केल्यात, आणि फुफ्फुसाभोवती हवा भरलीच तर नळी टाकायची सोय तिथेच आहे ना.