शब्दचर्चा: ताफ्यात ‘घट’ होते की ‘कपात’?

प्रश्न: ब्रिटनच्या २०१० च्या संरक्षण आढाव्यावर लिहिते आहे. ‘ताफ्यात घट झाली’ की ‘कपात झाली’? आणि जुनी विमानवाहू नौका गेल्यापासून नवी येईपर्यंतच्या काळाला ‘पोकळी’ म्हटलंय, पण ते पटत नाही.

उत्तर: ‘कपात’च, आणि तीही ‘झाली’ नव्हे, ‘केली’. विहिरीच्या पाण्यात घट होते. पगारात कपात कुणीतरी करतं. विमानवाहू नौकेवरून उडणारी हॅरियर लढाऊ विमानं डिसेंबर २०१० मध्ये सेवेतून काढली, मार्च २०११ मध्ये आर्क रॉयल ही विमानवाहू नौका मुदतीआधीच निवृत्त केली. विनाशिका आणि फ्रिगेट या युद्धनौका मिळून १९ च ठेवायच्या ठरल्या. यातलं काहीही आपोआप घडलेलं नाही. ‘घट’ लिहिलं की निर्णय घेणारा वाक्यातून निसटतो, आणि ते मला गंभीर वाटतं.

टाइप ४५ विनाशिकांचं प्रकरण थोडं वेगळं. मुळात १२ हव्या होत्या, बांधल्या ६. तिथे ‘ताफ्यात कपात’ चालणार नाही, कारण उरलेल्या सहा ताफ्यात कधी आल्याच नाहीत. ‘योजनेत कपात’ म्हणा.

आणखी एक उत्तर: ‘पोकळी’ऐवजी ‘खंड’ सुचवतो. खंड पडलेली गोष्ट पुढे सुरू होते; क्वीन एलिझाबेथ ही नवी विमानवाहू नौका डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात दाखल झालीच. पण नुसतं ‘विमानवाहू नौकांमध्ये खंड’ म्हटलं तर नुकसान फक्त जहाजाचं वाटतं. डेकवर विमान उतरवणाऱ्यांचा, ते सांभाळणाऱ्यांचा बसलेला हात सुटतो, ते जास्त महाग पडतं. म्हणून तर मधल्या वर्षांत ब्रिटिश वैमानिकांना अमेरिकी नौदलाबरोबर सरावात ठेवावं लागलं. ‘अनुभवात खंड’ असं स्पष्ट लिहावं.

प्रश्नकर्ती: मग आर्क रॉयल ‘मोडीत काढली’ म्हणू का?

उत्तर: २०११ साठी नको. निवृत्ती आधी, मोड नंतर. हर्मिस ही विमानवाहू नौका ब्रिटनने १९८४ मध्ये निवृत्त केली, पण तीच १९८७ पासून २०१७ पर्यंत आपल्याकडे विराट म्हणून राबली. जहाज तोडायला गेलं की मगच ‘मोडीत’.

प्रश्नकर्ती: आभार. वाक्य असं केलंय: ‘सरकारने ताफ्यात कपात केली, आर्क रॉयल मुदतीआधी निवृत्त केली आणि विमानवाहू नौका चालवण्याच्या अनुभवात काही वर्षांचा खंड पाडला.’ ‘पाडला’ मुद्दाम ठेवलंय.