मुलींची फी माफ म्हणतात, मग कॉलेज सगळे पैसे का मागतंय?

यंत्रमागवाला, सोलापूर:
पोरीचा इंजिनिअरिंगला कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या, दुसऱ्या राउंडला नंबर लागलाय, इथंच गावात. आम्ही ओबीसी, मी कारखान्यात यंत्रमागावर कामाला, आठ लाख उत्पन्न तर आमच्या अख्ख्या चाळीचं पण होत नसेल. फी माफ झाली म्हणून एवढा गवगवा झाला पण काउंटरवरचा माणूस म्हणतो आधी सगळी भरा, शासनाचे आले की परत देऊ. लिहून दिलं ते वहीच्या फाटक्या पानावर, नुसता आकडा, ना शिक्का ना सही. बोनस दिवाळीला, आता सावकाराकडं जाऊ का काय?

बाळेकर:
ओ मामा, सावकार बिवकार काही नको. ८ जुलै २०२४ चा जीआर आहे, ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींना व्यावसायिक कोर्सला १०० टक्के. उत्पन्न ८ लाखाच्या आत आणि प्रवेश कॅपमधून पाहिजे, तुमचं दोन्ही बसतंय. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला असता तर विषयच संपला होता.

विजापूर_रोड:
पण १०० टक्के म्हणजे ट्यूशन फी आणि परीक्षा फी एवढंच. डेव्हलपमेंट फी त्यात नाही, ती भरावीच लागते, आमच्या घरी यावरनंच भांडण झालं, सगळं फुकट म्हणून वडील गावभर सांगून बसले होते. त्या फाटक्या कागदावरचा आकडा फोडून मागा, ट्यूशन किती, डेव्हलपमेंट किती. आणि छापील पावती मिळाल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

यंत्रमागवाला:
असं होय. धाकटा पोरगा पुढच्या वर्षी बारावीला आहे, त्याला पण हेच का?

बाळेकर:
नाही ना, पोरांना ५० टक्केच.

बार्शीची_ताई:
दादा, महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवरचा, फॉर्म लगेच भरा, उत्पन्नाचा दाखला तहसीलचा लागतो, तो अजून काढला नसेल तर उद्याच सेतूत जा, गर्दी असते. आणि पोरीचं खातं आधारला जोडलंय का बँकेत विचारा, माझ्या भाचीचा फॉर्म मंजूर झाला आणि पैसे नुसते अडकून राहिले, का तर आधार जुन्याच खात्याला.

यंत्रमागवाला:
खातं तर शाळेत असताना काढलेलं आहे, बघतो. पोरीनं आत्ताच प्राचार्यांच्या नावानं अर्ज लिहिलाय, फी फोडून द्या म्हणून, झेरॉक्सवर पोच घेणार म्हणतीय. उद्या पाळी बदलून घेतो आणि जातो तिच्यासंगं.