शनिवार-रविवारी हडसन नदीखालच्या बोगद्याआधी गाडी का थांबते?

वसुधा_एडिसन:
आम्ही गेल्या वर्षी पुण्याहून न्यू जर्सीतल्या एडिसनला आलो. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन न्यूयॉर्कला निघालं की सिकॉकस स्टेशनच्या पुढे बोगद्याआधी गाडी बरेचदा थांबून राहते. एरवी असं फारसं होत नाही. मग गाड्या कमी असतात त्याच दिवशी का? शिवाय आई येणार आहे, ती आत्तापासून विचारतेय, नदीखाली गाडी बंद पडली तर काय?

मेटुचनकर:
वसुधाताई, हडसनखाली दोनच नळ्या आहेत आणि प्रत्येकीत एकच रूळमार्ग. पेन्सिल्व्हेनिया रेलरोडने बांधलेल्या या नळ्या १९१० साली सुरू झाल्या, आजही त्याच वापरात आहेत. एरवी एक जायला, एक यायला. सकाळच्या गर्दीत न्यूयॉर्ककडे तासाला २४ गाड्या घुसतात. शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी एक नळी बंद ठेवतात. मग इकडच्या काही गाड्या एकामागोमाग सोडायच्या, बोगदा मोकळा झाला की तिकडच्या. तुमची गाडी समोरून येणाऱ्यांसाठी थांबलेली असते.

मी काँक्रीटदुरुस्तीच्या कामात आहे, म्हणून या बोगद्यांसाठी जीव तुटतो. २०१२ च्या सँडी वादळात दोन्ही नळ्यांत खारं पाणी शिरलं. पाणी उपसून काढलं, पण त्यातल्या मिठाचं क्लोराइड काँक्रीटमध्ये मुरलं ते मुरलंच. ते आतल्या लोखंडापर्यंत पोचतं, लोखंड गंजतं, गंज फुगतो आणि वरच्या काँक्रीटला तडे जातात. रुळांच्या दोन्ही बाजूंना जे उंच ओटे दिसतात त्यांच्या पोटातून विजेच्या आणि सिग्नलच्या केबली गेल्या आहेत, म्हणजे तडा तिथे गेला की वाहतूकच अडते. दीर्घ दुरुस्तीसाठी एखादी नळी रोजच बंद ठेवावी लागली, तर त्या २४ गाड्यांच्या जेमतेम ६ होतील. सुट्टीच्या दिवशीचा खोळंबा मला म्हणूनच मान्य आहे.

आईंना सांगा, बंद पडलेली गाडी दुसरं इंजिन लावून ओढून काढतात. अगदीच उतरायची वेळ आली तर त्याच ओट्यांवरून चालत बाहेर पडता येतं.

सॉमरव्हिलचे_काका:
बोगद्यात गाडी विजेवरच चालवतात, हेही सांगायला हवं. आमच्या रॅरिटन व्हॅली लाइनवर डिझेल, म्हणून गर्दीच्या वेळी नूअर्कला उतरून गाडी बदलावी लागते. वीज आणि डिझेल दोन्हींवर चालणारी इंजिनं आल्यावर २०१४ पासून गर्दी नसताना काही गाड्या थेट जाऊ लागल्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते जिने वाचणं किती मोलाचं, ते आम्हाला विचारा.

वसुधा_एडिसन:
दोघांचेही मनापासून आभार. आईला वाचून दाखवते. नदीखाली नवीन बोगदा बांधतायत ना, तो झाला की हे थांबणं संपेल का?

मेटुचनकर:
बरंचसं. २०२३ मध्ये काम सुरू झालंय. आधी नव्या दोन नळ्या चालू करायच्या, मग जुन्या एकेक करून बंद ठेवून दुरुस्त करायच्या, असा बेत आहे. एक बंद असली तरी तीन उरतील.