बाबांच्या वहीत एकच हात, पानामागून पान. नुसता सराव का?

झिरोमाइलवाली
बाबा नागपूरच्या इतवारी बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. घर बदलताना ट्रंकेत त्यांच्या सात वह्या निघाल्या. वाटलं, मस्त चित्रं असतील. कुठं काय! बैलाची शिंगं, अर्धवट अक्षरं आणि पिवळ्या मारबतीचा (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्याकडे मिरवणुकीत काढतात तो मोठा पुतळा) हात, तोही पन्नासेक वेळा. पूर्ण चित्र एकही नाही. कोपऱ्यात रॉकेलचा हिशोब. आई म्हणते, रद्दीत दे. तुम्ही चित्रं काढणारे लोक, सांगा ना, यात काही बघण्यासारखं असतं का?

पेन्सिलभाऊ
रद्दीत काहून बाप्पा! पिकासोनं १ मे १९३७ ला 'गेर्निका' या मोठ्या चित्राची पहिली स्केचेस केली. त्यातल्या एकात घोड्याच्या जखमेतून पंखवाला इवलासा घोडा बाहेर येतोय. मोठ्या चित्रात तो नाहीच. कागद उरले म्हणून हे आपल्याला माहीत तरी आहे.

हाताचं म्हणाल तर, तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या गर्दीत वही घेऊन उभं राहून बघा. मी तीन वर्षं बघितलं. धक्के खात अर्धा मिनिट मिळतो, तेवढ्यात मारबत पुढे. हातात येतो तो हातच, तोही अर्धा. बाकीचा घरी येऊन आठवायचा, आणि तिथंच गाडी अडते. पन्नास हातांत बदलतंय काय ते बघा. बोटं की मनगट? जे बदलतंय तेच त्यांना जमत नव्हतं. पानं सुटी करू नका, क्रम जाईल.

जुना ब्रश
मीही पाट्याच रंगवल्या, तीस वर्षं. रॉकेल घरचं नसेल पोरी, ब्रश धुवायला लागायचं. आणि पानं उजेडासमोर धर. रेषेवर सुईची भोकं असली तर ते चित्र पाटीवर गेलं असं समज. कागद पाटीवर ठेवून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची, ठिपके उतरायचे.

झिरोमाइलवाली
काका, आत्ता ट्यूबलाइटखाली धरून बघितलं. पेन्सिलभाऊ, बदलतो तो अंगठा. आधी ताठ, मग हळूहळू आत वळत जातो. शेवटच्या वहीतल्या एका हाताला भोकं आहेत, मनगटावर बांगड्या वाढवल्यात. तो हात मी ओळखते! शाळेच्या वाटेवर बांगड्यांचं दुकान होतं, त्याच्या पाटीवर होता. मारबतीचा आहे हे आज कळलं.

आईला दाखवलं. म्हणाली, वह्या ठेव, ट्रंक दे.