दहशूरला जाऊन आलंय का कोणी?

कैरोत 3 दिवस आहोत, गिझाची गर्दी आणि उंटवाल्यांचा ससेमिरा इतका ऐकलाय की नकोच वाटतंय. त्याऐवजी दहशूरचे पिरॅमिड केले तर? आई सोबत आहे, गुडघे कुरकुरतात तिचे.

प्रतिसाद १:
बिनधास्त जा. कैरोपासून साधारण 40 किमी, आम्ही दिवसभराची टॅक्सी केली, वाटेतलं सक्कारा (तिथेही जुने पिरॅमिड आहेत) पण त्यातच उरकलं. दहशूरच्या लाल पिरॅमिडपाशी आम्ही धरून सातच माणसं, बाकी वाळू आणि एक झोपलेलं कुत्रं. आत जायला आधी बाहेरून 28 मीटर वर चढायचं आणि मग 60 मीटरच्या आसपास उताराचा बोगदा, उंची जेमतेम 1 मीटर, कंबरेत वाकून उतरावं लागतं, खाली अमोनियासारखा वास. दुसऱ्या दिवशी मांड्या अशा भरल्या की जिना उतरवेना. काकूंना बाहेरच बसवा.

प्रतिसाद २:
वाकडा पिरॅमिड चुकवू नका, मला तोच जास्त आवडला! लाल आणि वाकडा, दोन्ही स्नेफ्रू राजाचेच, म्हणजे गिझाचा मोठा पिरॅमिड बांधणाऱ्या खुफूच्या वडलांचे. 54 अंशांनी चढवत नेला आणि मध्येच 43 वर आणला, बहुतेक तडे जायला लागले म्हणून. वरचं चुनखडीचं गुळगुळीत आवरण अजून बरंच शाबूत आहे, गिझात एवढं नाही दिसत.

मूळ प्रश्नकर्ती:
थँक्यू! आईला वाचून दाखवलं, म्हणते मी चढणारच.