अंब्रेला पामच्या पात्यांची टोके करपत आहेत

प्रश्न (सांगली):
आमच्या गच्चीवर तळाला छिद्र असलेल्या कुंडीत अंब्रेला पाम लावलेला आहे. रोज सकाळी बोअरचे पाणी घालूनही उन्हाळा लागल्यापासून पात्यांची टोके तपकिरी होऊन वाळत आहेत. खत द्यावे का? नवी रोपे कशी करावीत, हेही कृपया सांगावे.

उत्तर १ (मिरज):
नावात पाम असला तरी ही वनस्पती शेतातल्या लव्हाळ्याची भाऊबंद, सायपरस वंशातली आहे. मूळची ती आफ्रिका-मादागास्करकडच्या पाणथळ काठांवरची असल्यामुळे कुंडीत पाणी साचू न देण्याचा नेहमीचा नियम हिला लागू पडत नाही. कुंडी पसरट टबात ठेवा आणि टबात सतत पाणी राहू द्या. खताची घाई मुळीच करू नका. माती सुकणे आणि कोरडी हवा यांच्याबरोबर पाण्यातले क्षारही टोके करपवतात, आणि आपल्याकडच्या क्षारपड पट्ट्यात बोअरचे पाणी अनेक ठिकाणी खारवट असते. टबातले पाणी उडून गेले तरी क्षार मागे राहतात, म्हणून दर आठवड्याला टब रिकामा करून कुंडीत वरून भरपूर पाणी सोडावे; हे पाणी नळाचे किंवा पावसाचे असेल तर उत्तम. करपलेली पाती पुन्हा हिरवी होत नाहीत, तेव्हा असे दांडे बुडापासून कापा. दुपारच्या उन्हापासून आडोसा मिळाल्यास नवे कोंभ जोमाने येतात.

उत्तर २ (वाई):
रोपे करण्याची रीत फार सुंदर आहे. निरोगी दांड्याचा शेंडा दोन-तीन इंच देठासह कापावा, पाती निम्मी छाटावीत आणि तो उलटा, म्हणजे पाती खाली व देठ वर असा, पाण्यात ठेवावा. काही आठवड्यांत पात्यांच्या बेचक्यांतून मुळे आणि कोंभ फुटतात. मग ते चिखलट मातीत लावावेत. जुना गड्डा विभागूनही रोपे होतात. पपायरस याच वंशातला असला तरी त्याच्यासाठी मात्र गड्डा विभागणेच खात्रीचे, शिवाय तो माणसापेक्षा कितीतरी उंच वाढत असल्याने गच्चीला सोयीचा नाही.

उत्तर ३ (कराड):
टबात डास होऊ नयेत म्हणून गप्पी मासे सोडावेत किंवा आठवड्याला पाणी बदलताना टब घासून काढावा. छाटलेले शेंडे व गड्डे ओढ्यात किंवा नदीकाठी कृपया टाकू नका. ओलाव्यात ते सहज रुजतात आणि काठच्या देशी वनस्पतींची जागा व्यापतात.